काठाकाठाने

"फार आत जाऊ नका हं, काठाकाठानेच जा," आईने आदल्या रात्री फोनवर बजावलं. पाण्याच्या बाबतीत तिचं हे एकच सांगणं. लहानपणी ओढा असो, तळं असो की समुद्र, आम्ही भावंडं गुडघ्यापर्यंत भिजून मागे फिरायचो. पोहायला मी शिकले ती तिशी उलटल्यावर, तीही तरणतलावात. तिथे तळ दिसतो, दम लागला तर पाय टेकतात, हात लांब केला की कठडा लागतो. त्यामुळे कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून, खडकाळ किनाऱ्याने दिवसभर हिंडायचं आणि मध्ये मध्ये पाण्यात उतरून, मास्क आणि श्वासाची नळी लावून स्नॉर्केलिंग करायचं असा बेत भाचीने मांडला, तेव्हा हो म्हणायला मला चार दिवस लागले.

आईचं सांगणं आम्ही तंतोतंत पाळलं. दिवसभरात किनारा हाकेच्या अंतराबाहेर गेला असं फारसं झालंच नाही. आणि तरीही इतक्या लांब मी याआधी कधी गेले नव्हते.

अमावस्या होऊन दोन दिवस झाले होते. म्हणजे उधाणाचे दिवस. भरतीला पाणी चढतं तेही जास्त आणि ओहोटीला उतरतं तेही जास्त. आम्ही सकाळी आठला पोचलो तेव्हा भरती होऊन तासभर झाला होता. आमची गाइड पस्तिशीची, उन्हावाऱ्याने रापलेली, मोजकं बोलणारी बाई. तिने वाळूवर बोटाने सहा रेघा ओढल्या. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास. उतरणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. "निम्मं पाणी मधल्या दोन तासांत जातं," ती म्हणाली, "तेव्हा आपण चिंचोळ्या जागेत नसायचं." हा ढोबळ हिशेब दर्यावर्दी लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत. मला धीर आला तो त्या सहा रेघांनी. समुद्राचं येणंजाणं वाळूवर बोटाने मांडता येतं, हे मला लहानपणीच कुणीतरी सांगायला हवं होतं.

कयाक दोघींची. भाची पुढे, मी मागे. पुढचीने लय धरायची, मागचीने दिशा. पहिली दहा मिनिटं आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती. वल्हं हातांनी ओढायचं नसतं. पातं पाण्यात रोवायचं आणि कमरेतून वळायचं, म्हणजे होडी त्या पात्याला मागे टाकून पुढे सरकते. हे सांगून कळत नाही, खांदे भरून आले की कळतं. मग एका क्षणी दोघींची पाती एकदम पाण्यात शिरू लागली, एकच आवाज यायला लागला, आणि भाचीने मागे न बघता नुसती मान डोलावली.

कयाक हे आर्क्टिकमधल्या इन्युइट, युपिक आणि अल्यूट लोकांचं हजारो वर्षांचं वाहन. झाडं न उगवणाऱ्या त्या मुलखात समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा नाहीतर देवमाशाच्या हाडांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं शिवून ताणायचं. माप घ्यायचं ते वापरणाऱ्याच्या अंगाचं. होडीत बसण्यापेक्षा ती अंगात घालण्याचाच तो प्रकार. आमची कयाक प्लॅस्टिकची, वरून उघडी, आत आलेलं पाणी भोकांतून आपोआप निघून जाईल अशी. त्या मूळ होडीचं तिच्यात फारसं काही उरलेलं नाही. बसण्याची उंची तेवढी तीच आहे. कंबर जवळजवळ पाण्याच्या पातळीला येते आणि डोळे पाण्यापासून जेमतेम ८० सेंटिमीटरवर. पृथ्वी गोल असल्यामुळे एवढ्या उंचीवरून क्षितिज तीन-सव्वातीन किलोमीटरवरच संपतं. ६० मीटर उंच कड्यावर उभं राहिलं, तर तेच २७ किलोमीटरच्या पलीकडे जातं. वरून समुद्र अफाट दिसतो आणि त्याच्या अफाटपणाचं दडपण येतं. खाली बसल्यावर लांबचं सगळं आखडलं, जवळचं मोठं झालं आणि शेजारचा कडा उंचच उंच झाला. माझी निम्मी भीती या बसण्यानेच गेली असावी.

उरलेली निम्मी पहिल्या टोकाला वळसा घालताना पुरेपूर वसूल झाली. लाट उथळ पाण्यात आली की तिचा वेग कमी होतो आणि ती वळते. त्यामुळे किनाऱ्याचे जे सुळके समुद्रात घुसलेले असतात, त्यांच्यावर लाटा दोन्ही बाजूंनी एकवटून तुटून पडतात. शिवाय कड्यावर आपटून परतणारी लाट येणाऱ्या लाटेला भिडते आणि पाणी जागच्या जागी टोकदार होऊन उसळतं. कुठून येतंय आणि कुठे चाललंय, काही उमगत नाही. कयाक डुचमळली आणि मी वल्हं मांडीवर आडवं धरून गप्प बसले. गाइड बाजूला आली. "वल्हं मारत राहा. थांबली की डुचमळते, चालती ठेवली की सावरते." खरंच सावरली. वळण पार केलं आणि पलीकडच्या कुशीत शिरलो, तर तिथे त्याच लाटा पसरून मऊ झालेल्या. एकाच समुद्राची एकाच घटकेची ही दोन रूपं, मध्ये जेमतेम शंभरेक मीटरचं अंतर.

त्यानंतर अशा कुशी किती आल्या ते मी मोजलं नाही. दुरून सलग वाटणारा कडा जवळ गेल्यावर उलगडत जायचा. एका घळीत आणखी एक घळ, तिच्या टोकाला कपार, कपारीत पाण्याची एक जीभ. एका ठिकाणी गुहेच्या तोंडाशी थांबलो. लाट आत गेली की क्षणभर शांतता व्हायची, मग आतून दबलेला धुमकारा यायचा आणि वाफेसारखा तुषारांचा फवारा बाहेर पडायचा. लाट खडकाच्या भेगेतली हवा कोंडून दाबते आणि मागे सरताना ती एकदम मोकळी होते. हे हजारो वर्षं चालतं तेव्हा भेगेची गुहा होते, गुहा आरपार गेली की कमान, आणि कमानीचं छत कोसळलं की समुद्रात एकटाच उभा राहिलेला खांब. आम्ही ज्या खांबाला वळसा घातला तो कधीकाळी किनाराच होता.

त्या दिवशी आम्ही किती अंतर कापलं, असं मी विचारलं. गाइड म्हणाली की नकाशावर पाहिलं तर थोडंसंच. हे मला पुढे बरेच दिवस पुरलं. किनाऱ्याची लांबी या प्रश्नावर गणितज्ञांनी खरोखरच डोकं लढवलेलं आहे. ल्युइस फ्राय रिचर्डसन यांच्या लक्षात आलं होतं की मोजपट्टी जितकी लहान घ्यावी तितकी किनाऱ्याची लांबी वाढत जाते, कारण लहान पट्टी लहान वळणांतही शिरते. बेन्वा मँडेलब्रो यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याचं उदाहरण घेऊन तो विचार पुढे नेला. शंभर किलोमीटरची पट्टी घेतली तर एक उत्तर, एका किलोमीटरची घेतली तर कितीतरी मोठं उत्तर. आमची पट्टी म्हणजे वल्ह्याचा एक मार. आणि खाली खडकावर सरपटणाऱ्या गोगलगायीची पट्टी त्याहून कितीतरी लहान; तिच्या दृष्टीने या किनाऱ्याला अंतच नसेल.

दहाच्या सुमाराला पाणी भराभर उतरायला लागलं, तेव्हा आम्ही एका रुंद, शांत कुशीत होतो. गाइडने सगळ्यांना भिंतीपासून दोन हातांवर कयाक धरून ठेवायला सांगितलं आणि म्हणाली, "आता नुसतं बघा." दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही. पाणी खाली जात होतं आणि त्याच्या मागून भिंत बाहेर येत होती, ओली, निथळणारी, पट्ट्यापट्ट्यांची.

सगळ्यात वर एक काळपट पट्टा, जिथे फक्त तुषार पोचतात. त्याखाली मोहरीएवढ्या शंखांची दाटी, भेगाभेगांत बसलेली. मग राखाडी-पांढऱ्या बार्नेकलांचा खरखरीत पट्टा, हात घासला तर सोलून निघेल असा. त्याखाली कालवं आणि शिंपले एकमेकांना चिकटून. आणि अगदी तळाशी, नुकतंच उघडं पडलेलं शेवाळ, तपकिरी आणि हिरवं, केसांसारखं लोंबणारं. प्रत्येक पट्ट्याची सीमा इतकी ठळक की कुणीतरी दोरी लावून आखून दिल्यासारखी. मजल्यांची इमारतच ती, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळं बिऱ्हाड.

बार्नेकल मी आयुष्यभर दगडाचाच भाग समजत आले होते. प्रत्यक्षात तो खेकड्या-कोळंबीच्या गोतावळ्यातला प्राणी. पिल्लू असताना पाण्यात मोकळा पोहतो, मग एक जागा निवडतो, डोक्याच्या बाजूने स्वतःला तिथे कायमचा चिकटवून घेतो आणि भोवती चुन्याचं घर बांधतो. पुढचं सगळं आयुष्य पाय वर करून, त्या पायांनीच पाण्यातलं अन्न ओढून घेत जगतो. डार्विन यांनी या एका प्राण्यामागे १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं घालवली. पाण्याखालच्या बार्नेकलांकडे मी वाकून पाहिलं, तेव्हा प्रत्येक घराच्या तोंडातून एक बारीकसा पिसाचा पंखा बाहेर यायचा, मूठ मिटावी तसा मिटायचा आणि आत जायचा. शेकडो मुठी, आपापल्या लयीत. आणि पाणी ज्या घरांच्या खाली उतरलं, ती दारं लावून घेत होती. जराशा ओलाव्यावर आता पुढचे कित्येक तास काढायचे, पाणी परत येईपर्यंत.

पट्ट्यांच्या या सीमा कोण ठरवतं? जीवशास्त्रज्ञ जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दोन जातींच्या बार्नेकलांवर केलेलं काम १९६१ साली प्रसिद्ध झालं. एक जात वर राहायची, दुसरी खाली. त्यांनी काही दगडांवरून खालची जात काढून टाकली, तेव्हा वरची जात खालीही नांदू लागली. म्हणजे तिला खालची जागा मानवत नव्हती असं मुळीच नाही. खालचे दांडगे शेजारी तिला चिरडत होते, तिच्या बुडाखाली शिरून तिला उचकटून टाकत होते. आणि ते दांडगे वर का येत नाहीत, तर त्यांना तिथला कोरडेपणा सोसत नाही. ऊन सोसण्याची ताकद, हेच त्या लहान जातीचं भांडवल. वरची सीमा उन्हाने आखलेली, खालची शेजाऱ्यांनी. हे वाचल्यापासून ती भिंत मला नुसती सुंदर दिसत नाही, तिच्यावरची एकेक रेघ कुणीतरी रोज लढून धरून ठेवलेली दिसते.

मराठीत काठावरच्या माणसाला फारसा मान नाही. काठावर पास होतो तो कसाबसा सुटलेला, काठावर बसून राहतो तो पाण्याला भ्यालेला. पण साडी विणताना सगळी कारागिरी पडते ती काठाला आणि पदराला, हेही आपल्याच भाषेतल्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. त्या भिंतीसमोर मला हा दुसरा अर्थ आठवत राहिला.

त्याच भिंतीवर गाइडने शंकूच्या टोपीसारखी एक गोगलगाय दाखवली, लिंपेट नावाची. पाणी चढलं की ती चरायला निघते, दगडावरचं शेवाळ खरवडते आणि ओहोटीआधी नेमक्या आपल्या जागी परत येते. त्या जागी दगडात तिच्या कवचाच्या आकाराची खाच पडलेली असते, किंवा दगड फारच कठीण असेल तर कवचच झिजून दगडाशी जुळतं. झाकण डब्याला बसावं तशी ती तिथे घट्ट बसते आणि आत ओल टिकते. दगड खरवडून खरवडून तिचे दात झिजायचे, पण ते दात म्हणजे नवल आहे. २०१५ साली त्यांची ताकद मोजली गेली, तेव्हा कोळ्याच्या धाग्यापेक्षाही ते मजबूत, माहीत असलेल्या जैविक पदार्थांत सर्वांत बळकट निघाले. भाचीने बोट पुढे केलं आणि कवचाला लावायच्या आधीच मागे घेतलं. "नको, घाबरेल," ती म्हणाली. ती असं म्हणाली म्हणून मला तिचा अभिमान वाटला.

दुपारी खडकांमधल्या वाळूच्या एका तुकड्यावर कयाक ओढून ठेवल्या आणि पाण्यात उतरायची तयारी सुरू झाली. गाइडने सुरुवातीलाच सगळ्यांना लांब बाह्यांचे कपडे घालून यायला सांगितलं होतं, कारण अंगाला चोपडलेलं सनस्क्रीन शेवटी पाण्यातच जातं. त्यातल्या काही रसायनांनी प्रवाळांना अपाय होतो म्हणून हवाई राज्यात २०२१ पासून तशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे. मास्कच्या काचेला आतून थुंकी लावून विसळायची, म्हणजे वाफ धरत नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हवा ओढायची. तो आपोआप चिकटून राहिला तर माप बरोबर.

कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मी तोंड पाण्यात घातलं आणि माझा श्वासच थांबला. नळी तोंडात होती, तिचं टोक हवेत होतं, हवेला काही अडसर नव्हता, हे सगळं मला माहीत होतं. पण तोंड पाण्यात असताना श्वास घ्यायचा नाही, हे शरीराला त्याहून जुनं माहीत होतं. मी डोकं वर काढलं. पुन्हा घातलं. या वेळी डाव्या बाजूने मास्कमध्ये पाणी शिरलं, डोळ्यांत गेलं, मी नाकाने हवा ओढायला गेले आणि नाकात पाणी. पाय खाली टेकलेले असूनही मी बुडते आहे असं मला वाटलं. लाज वाटायलाही फुरसत नव्हती, इतकी ती भीती खरी होती.

गाइडने माझा मास्क काढला, कपाळावरची केसांची एक बट रबराखालून बाजूला केली आणि दाखवली. एवढीच फट होती. मग तिने मला पाण्यात गुडघ्यांवर बसवलं, स्वतः समोर बसली आणि म्हणाली, "श्वास घ्यायचा विचारच करू नका. फक्त सोडा. लांब सोडा, सगळा सोडा. घेणं आपोआप होतं."

मी सोडला. नळीतून तो माझ्याच कानाशी मोठ्याने घुमला. मग न मागता हवा आत आली. पुन्हा सोडला. विसाव्या-पंचविसाव्या श्वासाला माझ्या लक्षात आलं की मी तोंड पाण्यात घालून बसले आहे आणि समोर वाळूवर उन्हाची जाळी हलते आहे.

लांब सोडायला का सांगितलं, त्यालाही कारण आहे. सोडलेल्या श्वासातली शेवटची हवा नळीतच राहते आणि पुढच्या श्वासाला आधी तीच आत येते. घाबरून उथळ, भरभर श्वास घेतला तर माणूस आपलीच शिळी हवा आतबाहेर करत राहतो आणि जास्तच गुदमरतो. म्हणूनच नळी लहान असते, साधारण ४० सेंटिमीटरची. लहानपणी मला वाटायचं की बांबूची लांबलचक नळी असली तर माणूस तळ्याच्या तळाशीही बसू शकेल. तसं होत नाही. मीटरभर खाली गेलं तरी छातीवर पाण्याचा एवढा दाब येतो की फासळ्या उचलून वरची हवा ओढणं अशक्यप्राय होतं. नळीने श्वास घेणाऱ्याने काठालाच राहायचं, असा पाण्याचा नियम आहे. आईचं म्हणणं इथेही खरं ठरलं.

ही कल्पना फार जुनी आहे. तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वीच अ‍ॅरिस्टॉटलने हत्तीच्या सोंडेबद्दल लिहिताना पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या श्वास घेण्याच्या साधनाची उपमा दिली आहे. पाण्याखालचा माणूस जसा वरून हवा घेतो, तसा खोल पाण्यातून जाणारा हत्ती सोंड वर धरतो. हे वाचल्यापासून माझ्या मनात स्नॉर्केलची नळी म्हणजे उधार घेतलेली सोंड आहे.

एकच्या सुमाराला ओहोटी पुरी झाली आणि पाणी थबकलं. गाइड पुढे, आम्ही मागे, असे खडकाच्या कडेने तरंगत निघालो. मी तरंगत्या रिंगेला धरून होते. थोड्या वेळाने भाचीने माझा दुसरा हात धरला आणि पाण्याबाहेर तोंड काढून म्हणाली, "मावशी, रिंग सोड ना आता. मी आहे." मी सोडली.

पहिल्यांदा जाणवला तो आवाज. पाण्याखाली शांतता असेल अशी माझी समजूत होती. तिथे सुक्या काटक्या जाळात तडतडाव्यात तसा आवाज अखंड चाललेला. तो करतात ते बोटाएवढे झिंगे, एक नांगी मोठी असलेले. ती नांगी ते इतक्या वेगाने मिटतात की पाण्याची चिळकांडी उडते, तिच्यामागे एक बुडबुडा तयार होतो आणि तो फुटताना हा कडाका होतो. नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटल्याने तो होत नाही, हे २००० साली वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्यांना या झिंग्यांनी हैराण केलं होतं. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर, हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. दोन्ही कानांना तो जवळजवळ एकाच क्षणी पोचतो आणि दिशाच कळत नाही. त्यामुळे तो तडतडाट कुठल्या एका बाजूने येत नव्हता, माझ्या डोक्यातच चालल्यासारखा वाटत होता. त्याच्या वरून माझा श्वास, लांब, घुमणारा. या दोन आवाजांत मी तासभर होते.

खाली सकाळची तीच भिंत पुढे चालू होती. वर जी काळ्या पट्ट्याने सुरू झाली होती, ती इथे पाण्याखाली शेवाळाच्या झुलत्या रानात उतरत गेलेली. लाट आली की सगळं रान एका बाजूला झुकायचं, त्यातले मासेही झुकायचे, आणि त्यांच्या वर मीही. मग सगळे परत. हातभर लांबीचा एक करडा मासा आपल्या शेवाळाच्या तुकड्याची राखण करत होता. मी जवळ गेले तशी तो माझ्या काचेवर धावून आला. पाण्यात वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या दिसतात, जवळही दिसतात, तेव्हा प्रत्यक्षात तो दीड वीतच असणार. पण त्याचा आवेश मोठा होता, मी मागे सरले.

एका खळग्यात सी-अर्चिन, काळ्या काट्यांचे गोल समुद्री प्राणी, बसले होते. गाइड एक श्वास धरून खाली गेली. तिचा लाल कमरपट्टा खाली जाता जाता मातकट दिसू लागला, कारण उजेडातला लाल रंग पाणी सगळ्यात आधी गिळतं. तिथे पडलेलं एक रिकामं कवच तिने वर आणलं आणि उलटं करून तळहातावर धरलं. आत पाच दातांचा जबडा, कंदिलाच्या चौकटीसारखा रचलेला. त्याला आजही 'अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील' म्हणतात, कारण त्याने तशी उपमा दिली होती. हत्तीची सोंड आणि हा कंदील, दोन्ही एकाच माणसाच्या नजरेतले. तोही असाच कुठल्यातरी खडकाळ काठावर वाकून तासन्‌तास बघत बसला असणार. गाइडने कवच पुन्हा जिथल्या तिथे नेऊन ठेवलं. कारण विचारल्यावर म्हणाली, "रिकामं घर कुणालातरी लागतंच."

आणि मग ती कपार. भाचीने माझा हात दाबला आणि बोट दाखवलं. मला नुसता दगड दिसत होता आणि त्याच्यापुढे रिकाम्या शिंपल्यांचा एक ढीग, खाऊन अंगणात टाकल्यासारखा. मी बघत राहिले. दगडाने डोळा उघडला. आडव्या फटीची बाहुली, माझ्याकडे रोखलेली. मग दगडाच्या अंगावरून एक छाया सरकली, करड्याची तपकिरी झाली, तपकिरीवर पांढरे ठिपके उमटले, गुळगुळीत होतं तिथे शेवाळासारखे फुटवे आले. ऑक्टोपस. बहुतेक ऑक्टोपसांना रंग दिसत नाहीत असं शास्त्रज्ञ मानतात, आणि तरी तो माझ्यासमोर शेजारच्या खडकाचा नेमका रंग पांघरत होता. त्याच्या अंगात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या दोन-तृतीयांश त्याच्या आठ हातांत. एक हात त्याने पुढे काढला, अगदी सावकाश, टोकाला दोऱ्याएवढा बारीक. पुढ्यातला एक शिंपला चाचपला, उचलला आणि दारात आपल्याजवळ ओढून घेतला. पडदा सरकवावा तसा. आम्ही फार जवळ आलो होतो, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी श्वास लांब सोडला आणि मागे झाले.

परतताना पाणी चढत होतं आणि वारा पाठीशी होता. फारसं वल्हवावं लागलं नाही. सकाळची भिंत लागली तेव्हा शेवाळ बुडालं होतं, कालवं बुडाली होती आणि बार्नेकलांच्या खालच्या रांगांनी दारं उघडून मुठी बाहेर काढायला सुरुवात केली होती.

संध्याकाळी कड्यावरच्या पायवाटेने चढून वर आलो. वरून किनारा नकाशासारखा दिसत होता. खडकाची एक रेघ, पांढऱ्या फेसाची एक रेघ, पुढे समुद्र. पाणी पुरतं भरत आलं होतं. ती कपार कुठे असेल ते मी शोधत राहिले. भाची म्हणत होती त्या खांबाच्या डावीकडे, मला वाटत होतं त्याच्याही पलीकडे. तिथे आता दोन पुरुष पाणी असेल, आणि ऑक्टोपसचा शिकारीला निघायचा वेळ झाला असेल.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"पोचलात ना गं दोघी? फार आत नाही ना गेलात?"

"नाही गं. काठाकाठानेच."

"मग दिवसभर काय केलंत एवढं?"

मी एका दगडावर बसले, भाचीला शेजारी बसायची खूण केली आणि आईला सगळ्यात वरच्या काळ्या पट्ट्यापासून सांगायला सुरुवात केली.